शेजाऱ्यांनी आणलेली प्रार्थना

वसईची माणसे मराठवाड्यात सहसा जात नाहीत. ती वेलंकनीला जातात, जुन्या गोव्याला जातात, ज्यांना शक्य होते ती पवित्र भूमीचेही दर्शन घेऊन येतात. नांदेडला जायचे आहे असे मी सांगितले, तेव्हा आमच्या धर्मग्रामातील एका गृहस्थांनी सरळ विचारले, "तिकडे कुणाचे लग्न आहे का?" लग्न नव्हते. मला घरी स्वस्थ बसवत नव्हते, एवढेच कारण होते, आणि ते त्यांना सांगण्यासारखे नव्हते.

ईस्टरपूर्वीच्या गेल्या उपवासकाळात माझी पत्नी लुसी निवर्तली. विवाहाच्या पहिल्या दिवसापासून आमच्या घरी सायंकाळची जपमाळ दोघांनी मिळून म्हणण्याची रीत होती. "नमो मरिये, कृपापूर्णे" येथपासून येशूच्या नामापर्यंतचा पूर्वार्ध माझा, आणि "पवित्र मरिये, देवाच्या माते, आम्हा पाप्यांसाठी आता आणि आमच्या मरणसमयी विनंती कर" हा उत्तरार्ध तिचा. ही वाटणी कोणी ठरवली नव्हती; नांगराला बैल ज्या बाजूने जुंपला जातो त्याच बाजूने तो पुढे चालत राहतो, तसे ते झाले होते. तिच्या पश्चात मी एकटा माळ हाती घेऊन बसलो की येशूच्या नामाशी येऊन अडत असे. शब्द विसरलो होतो असे नाही. आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले, सर्गच्या सर्ग मुखोद्गत आहेत. परंतु ते शब्द उच्चारणे म्हणजे तिच्या पाटावर जाऊन बसणे, असे काहीतरी होई. मग मी उठत असे. नळ नीट बंद आहे की नाही ते पाहत असे, अंगणातून फाटकापर्यंत जात असे, परत येऊन बसत असे, पुन्हा उठत असे. देवळात सारे जण एकत्र उत्तर देतात, तेथे माझे ओठ हलत. आवाज नव्हता हे मला ठाऊक होते. पापनिवेदनाच्या वेळी फादरांना सांगितले, तर ते म्हणाले, "धीर धरा." धीर धरण्याचा उपदेश मीही पुष्कळांना केलेला आहे. तो ऐकायला इतका कोरडा लागतो हे तेव्हा कळले.

अशा वेळी फादर मायकल यांचा फोन आला. हे माझे जुने विद्यार्थी. आता नांदेडकडच्या विखुरलेल्या ख्रिस्ती कुटुंबांची देखभाल त्यांच्याकडे आहे. "सर, नोव्हेंबरात इकडे या. मृतांचा महिना आहे, गावोगाव मिस्सा आहेत. गाडीत शेजारी बोलायला कुणी नसते." मी त्याच दिवशी पिशवी भरली. नंतर दोनदा उपसून पुन्हा भरली.

नांदेड

ज्यांनी नांदेड पाहिलेले नाही त्यांना सांगितले पाहिजे की हे गोदावरीच्या काठचे शहर आहे आणि गुरुद्वारामुळे जगाच्या कानाकोपऱ्यातली माणसे येथे येतात. रेल्वे फलाटावर मराठी, उर्दू, पंजाबी आणि तेलुगू एकाच वेळी कानी पडते. रिक्षावाल्याने मला विचारले, "चाचा, दर्शनाला आलात का?" मी हो म्हणालो. ते असत्य नव्हते; कोणाच्या दर्शनाला, हे त्याने विचारले नाही.

फादरांचे निवासस्थान म्हणजे तीन खोल्या आणि एक लहानसे प्रार्थनागृह. वसईच्या देवळांची उंच छते, सोनेरी वेदी, घंटेचे मनोरे पाहिलेल्या डोळ्यांना ते एखाद्या ओसरीसारखे वाटले. पहिल्या सकाळी त्यांनी मला न्याहारीला सुशीला खाऊ घातली. चुरमुरे भिजवून, पिळून, हिरवी मिरची, कांदा आणि दाण्याच्या कुटावर परतलेला हा पदार्थ इकडे घरोघरी होतो. माझ्या जिभेला नारळाची सवय. परंतु तिखटाने डोळ्यांत पाणी आले त्याचे निमित्त मला त्या दिवशी बरे वाटले.

दुपारी आम्ही गुरुद्वारात गेलो. डोक्याला रुमाल बांधून पंगतीत बसलो. एक वृद्ध शीख सेवेकरी वाढता वाढता माझ्यापाशी थांबला. मी पानातली पोळी नुसतीच मोडत होतो. तो वाकून म्हणाला, "बाबाजी, खा लो. खाने का काम तो अपने को ही करना पड़ता है." मी खाल्ले. परंतु त्याचे वाक्य डोक्यात फिरत राहिले. खाण्याचे काम आपले आपणच करावे लागते हे खरे. प्रार्थनेचेही तसेच असणार, आणि ते माझ्याच्याने होत नव्हते.

सायंकाळी घाटावर गेलो. नदीत पाणी बरेच होते, पाण्यावर जलपर्णी होती, पैलतीरी कोणी म्हशी धूत होते. येथे बसून जपमाळ म्हणावी असा संकल्प केला होता. येशूच्या नामापर्यंत आलो आणि उठलो. दुसऱ्या घाटावर गेलो. तेथेही तेच झाले. फादर मला शोधत आले तेव्हा मी तिसऱ्या ठिकाणी उभा होतो. ते नुसते माझ्या बरोबरीने चालू लागले. विद्यार्थी असताना हा मुलगा फार बोलका होता.

मुदखेडवरून पुढे

दुसऱ्या दिवशी जीपने निघालो. पहिली मिस्सा, म्हणजे ख्रिस्तयागाची उपासना, मुदखेडला, रेल्वेत नोकरीला असलेल्या एका कुटुंबाच्या घरी होती. मुदखेड हे जंक्शन. आम्ही फाटकाशी पोहोचलो आणि फाटक पडले. एक मालगाडी गेली, फाटक उघडले नाही. दुसरीची वाट पाहणे सुरू झाले. मी खाली उतरून रस्त्याने येरझाऱ्या घालू लागलो. शेंगा विकणाऱ्या बाईने दोन फेऱ्या पाहिल्या आणि तिसऱ्या फेरीला म्हणाली, "आजोबा, बसा की एका जागी. तुमाला बघून मलाच दम लागून राहिला." फादर काचेतून हसत होते. मी शेंगा घेतल्या आणि गाडीत बसलो.

मिस्सा आटोपून, मोठा वळसा घालून आम्ही देगलूरच्या रस्त्याला लागलो. सोयाबीन निघून गेले होते. काळ्या रानात ज्वारी वीतभर उगवून आली होती आणि मधल्या पट्ट्यांत तूर पिवळी फुलली होती. कापसाची बोंडे फुटली होती. आमच्याकडे चार पावलांवर वाडी, विहीर, कुंपण. येथे दृष्टी जाते तेथवर कोणी अडवत नाही. अस्वस्थ माणसाला मोकळे रान औषधासारखे असते असे म्हणतात. मला ते अंगावर आले. कोठे थांबावे हे त्या रानाला ठाऊक नव्हते आणि मलाही.

वाटेत फादरांनी मला काम सांगितले. देगलूरच्या अलीकडे आपल्या पंधरावीस घरांची एक वस्ती आहे. तेथे सुलोचनाबाई नावाच्या विधवेची एकुलती एक मुलगी रेखा, लातूरला क्लासला होती, तापाने गेली. तिच्या महिन्याची मिस्सा आज आहे. मिस्सेपूर्वी जपमाळ होईल. "मला पापनिवेदनाला बसावे लागेल, सर. जपमाळ तुम्ही चालवा. वसईचे वडीलधारे गृहस्थ आले म्हणून त्यांना बरे वाटेल."

मी होकार दिला. चालवणाऱ्याने पूर्वार्ध म्हणायचा असतो, उत्तर लोकांनी द्यायचे असते. माझा वाटा मला येत होता. तेथे तरी अडणार नाही, असे वाटले.

वस्तीवर

वस्तीच्या तोंडाशी लिंबाचे झाड, पत्र्याची घरे, आणि पलीकडे बांधाच्या कडेला काही थडगी. आमच्याकडे या महिन्यात दफनभूमी झेंडूने झाकून जाते, मेणबत्त्यांनी रात्र उजळते. येथे थडग्यांवर चुन्याने रंगवलेले दगड आणि लाकडी क्रूस. त्यातल्या एका ताज्या मातीच्या ढिगावर कोणीतरी तुरीच्या फुलांची डहाळी ठेवली होती.

घराच्या ओसरीवर माणसे जमली होती. सुलोचनाबाई जोत्याच्या कडेला सूप घेऊन उडीद निवडत बसल्या होत्या. वय पन्नाशीच्या आसपास, चेहरा ताठ. फादरांना त्यांनी हात जोडले, मलाही जोडले, आणि पुन्हा सुपात पाहू लागल्या. प्रार्थना सुरू होणार तरी त्या उठेनात, हे मला खटकले. आमच्याकडे ज्याच्या घरचे माणूस गेले तोच प्रार्थनेत पुढे असतो. थोरल्या मुलाने जपमाळ चालवायची आणि आवाज कापू द्यायचा नाही, अशी रीत आहे. लुसीच्या वेळी माझ्या मुलाने ती पाळली आणि लोकांनी त्याची वाखाणणी केली होती.

मी मांडी घालून बसलो आणि आरंभ केला. पहिले दशक, म्हणजे दहा मण्यांचा पहिला फेरा, निर्विघ्न पार पडले. मी म्हणावे, स्त्रियांनी उत्तर द्यावे. काहींचे उत्तर मराठीत, मागे बसलेल्या दोघीतिघींचे तेलुगूत. दोन्ही प्रवाह एकाच वेळी आमेनला पोहोचत. कित्येक महिन्यांनी माझ्या पूर्वार्धाला कोणीतरी उत्तर देत होते. माझा आवाज स्थिर झाला.

दुसऱ्या दशकाला मात्र घात झाला. त्या वस्तीची रीत अशी की प्रत्येक दशकाला बाजू पालटायची. आता स्त्रियांनी आरंभ केला. पुढे बसलेल्या अंजनाबाई नावाच्या वृद्ध बाईंनी खणखणीत आवाजात पूर्वार्ध म्हटला, येशूच्या नामाशी येऊन त्या थांबल्या आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले. उत्तर चालवणाऱ्याने, म्हणजे मी, द्यायचे होते.

माझ्या तोंडून शब्द फुटेना. कोंबड्यांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. अंजनाबाईंना वाटले मला ऐकू गेले नसावे. त्यांनी पूर्वार्ध पुन्हा म्हटला, आणखी मोठ्याने. मी माळेकडे पाहत राहिलो.

"सर," त्यांनी विचारले, "तुमच्या घरचं कुनी गेलंय का?"

"माझी पत्नी," मी म्हणालो. "उपवासकाळात."

अंजनाबाईंनी मान वळवली आणि आतल्या खोलीत पापनिवेदनाला बसलेल्या फादरांना बाहेरूनच हाक मारली. "फादर! सुतकी मानसाला पुढं बसिवलं व्हय तुमी?"

फादर दारात आले. "अहो मावशी, आठ महिने झालेत त्याला."

"आठ होऊ द्या न्हाईतर ऐंशी. गळा उघडलाय का त्यांचा? बघा की तोंडाकडं! कामून छळून राहिलात म्हाताऱ्याला?"

म्हातारा हा शब्द मला उद्देशून होता, आणि तो उच्चारणारी बाई माझ्याहून निदान दहा वर्षांनी मोठी असावी. कोणीतरी हसले. त्या हसण्याने माझी लाज थोडी हलकी झाली.

"उठा सर," त्या मला म्हणाल्या. "तिकडं बसा, सुलोचनाजवळ. आमी म्हनतो."

तेव्हा मला त्या वस्तीची चाल समजली. ज्या घरी मृत्यू होतो त्या घराची चूल पेटत नाही. शेजारी भाकरी आणि आमटी आणतात, हे सगळीकडेच आहे. येथे त्याबरोबर त्या घराची प्रार्थनाही बंद होते. घरच्यांनी म्हणायची नाही. शेजारच्या बाया रोज सायंकाळी येतात आणि त्या घराच्या नावाने म्हणून जातात. "रडनाऱ्यानं रडावं," अंजनाबाई म्हणाल्या, "म्हननाऱ्यांनी म्हनावं. दोन कामं एका मानसाला कशी जमतील?" ही चाल कोणी पाडली असे विचारले, तर त्या म्हणाल्या, "माझ्या सासूनं सांगितलं. तिला कुनी सांगितलं ते तिला इचारायला आता लई लांब जावं लागंल."

धर्मशास्त्रातले अशौच मी वाचलेले आहे. त्यात स्पर्शाचा विचार आहे, कर्माच्या अधिकाराचा विचार आहे. श्रद्धांगीकारात आपण पवित्र जनांची सहभागिता, म्हणजे जिवंत आणि मृत भाविकांचे एकमेकांशी असलेले नाते, मानतो असे म्हणतो, त्याचाही अर्थ मी अनेकदा समजावून दिलेला आहे. परंतु शोक करणाऱ्याला प्रार्थनेतून रजा द्यावी आणि त्याचे काम शेजाऱ्यांनी वाटून घ्यावे, हे मी कोठे वाचले नव्हते. प्रथम मला ते बरे वाटले नाही. दुःखात तरी मनुष्याने देवाला सोडू नये, हेच मी जन्मभर शिकलो होतो. मी सुलोचनाबाईंच्या शेजारी जाऊन बसलो तो अशा नाराजीतच.

त्यांनी काही न बोलता सूप दोघांच्या मध्ये सरकवले. मी उडीद निवडू लागलो. समोर जपमाळ पुन्हा सुरू झाली. थोड्या वेळाने मी हळूच म्हणालो, "बाई, तुम्ही मनातल्या मनात तरी म्हणता की नाही?"

"न्हाई."

"मुळीच नाही?"

"बोलनं बंद हाय," त्या म्हणाल्या.

"कुणाशी?"

त्यांनी हनुवटी वर केली आणि पत्र्याकडे, पत्र्याच्या पलीकडे दाखवले. "भावकीत बंद असतंय का न्हाई, तसं. एका पंगतीला बसायचं, पर बोलायचं न्हाई. निरोप सांगायला ह्या बाया हायेतच."

मी पुन्हा उडीद निवडू लागलो. त्या माझ्या बोटांकडे पाहत होत्या. "सर, खडे ठिवून दाने टाकून राहिले तुमी."

खरेच तसे चालले होते. मी ओशाळून टाकलेले दाणे गोळा केले. बाया म्हणत राहिल्या. आता आणि आमच्या मरणसमयी, आता आणि आमच्या मरणसमयी, असे ते शब्द माझ्या अंगावरून पाण्यासारखे जात होते आणि मी उठून गेलो नाही. कित्येक महिन्यांत प्रथमच मी एक अख्खी जपमाळ एका जागी बसून ऐकली.

शेवटी अंजनाबाईंनी मला विचारले, "तुमच्या बाईचं नाव काय?" मी सांगितले. "लुसीबाई," असे मोठ्याने म्हणून त्यांनी रेखाच्या नावापुढे ते नाव जोडले आणि एक दशक अधिक म्हटले. मग मिस्सा झाली. मिस्सेनंतर येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा. महिन्याची मिस्सा झाली की घरची चूल पेटते आणि घराची प्रार्थना घराकडे परत येते, असाही तेथला नियम आहे. चूल सुलोचनाबाईंनी पेटवली. प्रार्थना परत घ्या असे अंजनाबाईंनी सुचवले तेव्हा त्या राखेत काटकी फिरवत राहिल्या.

"ऱ्हाऊ दे," अंजनाबाई म्हणाल्या. "महिना म्हंजे काय तहसीलीचा शिक्का हाय का? आमी येऊन राहिलोच की रोज."

लातूर

रेखाचे सामान अजून लातूरला होते. ते आणायला जायचे सुलोचनाबाई रोज ठरवीत आणि रोज राहून जाई. माझी परतीची गाडी लातूरहून होती. "सरांच्या सोबतीने जा," फादर त्यांना म्हणाले, "आणि सर, तुम्ही यांच्या सोबतीने." कोणाला कोणाच्या हवाली केले ते त्यांनी मोघम ठेवले.

एसटीने उदगीरमार्गे निघालो. सुलोचनाबाई खिडकीशी बसल्या. मी दोनदा जागा बदलली. एकदा ऊन लागत होते म्हणून, दुसऱ्यांदा काहीच कारण नव्हते. दुसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "तिकडं गेलं तरी तीच गाडी हाय, सर." उदगीरला मिरचीभजी घेतली. त्यांनी एक खाल्ले आणि उरलेली पदरात बांधली. "पोरीला लई आवडायची," म्हणाल्या. मग पुडी सोडून ती मला दिली.

लातूर हे व्यापाराचे गाव. डाळ-गिरण्यांचा भाजका, धुळकट वास हवेत असतो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शिकवणी वर्गांच्या मोठमोठ्या पाट्या, त्यांवर उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींची छायाचित्रे. सुलोचनाबाई त्या पाट्यांकडे पाहत नव्हत्या. मी मात्र नको असताना प्रत्येक पाटी पाहत गेलो.

रेखा ज्या घरी राहत असे त्या घराच्या मालकीणबाई महानंदाताई. त्या लिंगायत, कपाळी विभूती, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी, यजमानांचे डाळीचे दुकान. "शरणु शरणार्थी," असे म्हणून त्यांनी आमचे स्वागत केले, चहा दिला, आणि सुलोचनाबाईंचा हात धरूनच त्यांना वरच्या खोलीत नेले. बाकीच्या मुली क्लासला गेल्या होत्या. रेखाची खाट तशीच होती, खाटेखाली पत्र्याची पेटी. कोनाड्यात पवित्र मरियेची तळहाताएवढी तसबीर, आणि तिच्यापुढे पितळेचे निरांजन. वात ताजी होती.

सुलोचनाबाईंचे लक्ष तिकडे गेले. "हे कुनी लावलं?"

"मी," महानंदाताई म्हणाल्या. "रेखा रोज मेणबत्ती लावायची. गावाकडं निघाली तवा म्हणली, काकू, मी येईस्तवर तेवढं बघा. मेणबत्त्या संपल्या, मग मी तेलवात लावून राहिले."

"अजून?"

"ती आली न्हाई. अन् मला कुणी थांब म्हणलं न्हाई."

सुलोचनाबाई खाटेवर बसल्या. महानंदाताई माझ्याकडे वळल्या. त्यांना काहीतरी टोचत होते. "गुरुजी, तुमचं काय म्हणायचं असतंय ते मला येत न्हाई. मी आपलं 'ओम नमः शिवाय' म्हणत होते. चुकलं का हो?"

साठ वर्षे शास्त्र आणि धर्मशिक्षण यांत घालवलेल्या माझ्याकडे या प्रश्नाची दोनतीन उत्तरे तयार असायला हवी होती. मी म्हणालो, "ताई, ज्या माउलीपुढे तुम्ही वात लावलीत ती स्वतः एका लेकराची आई होती. तिने तुम्हाला परत पाठवले असेल असे मला वाटत नाही."

दिवेलागणीची वेळ झाली होती. महानंदाताईंनी काडेपेटी सुलोचनाबाईंपुढे धरली. "आज तुमी लावा."

"माझं बंद हाय," त्या म्हणाल्या आणि हात मागे घेतला.

महानंदाताईंना अर्थ कळला नसावा, पण त्यांनी आग्रह केला नाही. वात स्वतः लावली आणि मला म्हणाल्या, "मग गुरुजी, तुमी तरी म्हणा. कसं असतंय ते एकदा ऐकू द्या."

मी उभा राहिलो आणि आरंभ केला. नमो मरिये, कृपापूर्णे. येशूच्या नामाशी आलो आणि थांबलो.

"एवढंच?" महानंदाताईंनी विचारले.

"नाही. अर्धे राहिले आहे."

"मग म्हणा की."

मला जिन्याने खाली उतरून रस्त्यावर जावेसे वाटले. दाराकडे वळलोसुद्धा. तेवढ्यात मागून सुलोचनाबाईंचा आवाज आला. "त्यांचं बी अडलंय, ताई. त्यांची बाई गेली." मग त्या माझ्याकडे वळल्या. वात तडतडली. "काय नाव म्हनलात सर? लुसी?"

"लुसी."

"तिचं अन् माझं काय भांडन न्हाई," सुलोचनाबाई म्हणाल्या.

त्या खाटेवरून उठल्या, डोक्यावर पदर घेतला, आणि खरखरीत, रागावलेल्या, घाईच्या आवाजात म्हणाल्या, "पवित्र मरिये, देवाच्या माते, आमा पाप्यांसाठी आता अन् आमच्या मरनाच्या येळी इनंती कर. आमेन." कोणा अपराध्याला जाब विचारावा तसा तो स्वर होता. लुसीचा आवाज मृदू होता. या आवाजात तिचे काहीही नव्हते, आणि तो तिच्यासाठी होता.

मी भिंतीला टेकलो. त्यांनी मला सावरण्यास अवधी दिला नाही. "आता बाजू पालटू," म्हणाल्या. "सुरवात माझी. माझ्या पोरीसाठी पुढचं तुमी म्हना. मला तिच्यासाठी म्हनता येनार न्हाई. तिचं नाव घेऊन मी त्याच्यापुढं हात जोडले तर मला माझाच राग यील."

त्यांनी पूर्वार्ध म्हटला आणि त्या थांबल्या. मी रेखाला कधी पाहिले नव्हते. तिची खाट, तिची पेटी आणि तिच्या मागे जळत राहिलेली वात एवढेच माझ्यासमोर होते. या खाटेवर झोपणाऱ्या मुलीच्या मरणसमयी कोणी विनंती केली होती का, हे मला ठाऊक नव्हते. मी तोंड उघडले. आवाज चिरकला, मध्येच बुडाला, परंतु आमेनपर्यंत गेला.

आम्ही एक दशक पुरे केले. महानंदाताई हात जोडून उभ्या होत्या. शेवटच्या दोनतीन वेळा आमेन त्यांनीही म्हटले.

पेटी बांधताना सुलोचनाबाई म्हणाल्या, "असं करू, सर. तुमची बाई माझ्याकडं. माझी पोरगी तुमच्याकडं. जमंल?"

"जमेल," मी म्हणालो.

"रोजचं हाय बरं का. वसईला जाऊन इसराल."

निरांजन महानंदाताईंनी देऊ केले, सुलोचनाबाईंनी घेतले नाही. "तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या, ताई. ते तिनं तुमाला सांगितलंय." पेटी रिक्षात चढवून आम्ही बसस्थानकावर आलो. त्यांना उदगीरच्या गाडीत बसवले. गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात केला नाही. पेटीवर दोन्ही हात ठेवून त्या समोर पाहत होत्या.

परतल्यावर

प्रवासाने मन शांत होते, असे ज्यांना वाटत असेल त्यांची मी निराशा करणार आहे. मी अजूनही फाटकापर्यंत जातो. लुसीसाठी तो उत्तरार्ध मला अद्याप म्हणता येत नाही. एकदा प्रयत्न केला आणि नळ पाहायला उठलो. परंतु दिवेलागणीला मी रेखासाठी जपमाळ घेऊन बसतो आणि दोन्ही अर्धे मीच म्हणतो, मोठ्याने. शेजारी विचारतात ही रेखा कोण. मी सांगतो, माझ्याकडे सोपवलेली मुलगी आहे. एका संध्याकाळी अंगात ताप होता, सुनेने पडून राहा म्हणून सांगितले, तरी उठलो. तिच्या आईने देवाशी बोलणे बंद ठेवले आहे. मी खाडा केला तर त्या दिवशीचा निरोप वाटेतच राहील.

परवा फादर मायकल यांचा फोन आला होता. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर ते म्हणाले, "सर, सुलोचनाबाई विचारतात, तुमचा खाडा पडला का?"

"पडला नाही म्हणून सांग," मी म्हणालो. मग थोडे धैर्य करून विचारले, "आणि त्यांचे कसे चालले आहे? देवाशी बोलणे सुरू झाले का?"

"मीही विचारले," फादर म्हणाले. "म्हणाल्या, न्हाई, बंदच हाय. पण लुसीबाईचं काम असतंय रोज, तेवढ्यापुरतं बोलावं लागतंय."